सोलरची बॅटरी किती मोठी घ्यायची? आधी रात्रीची यादी करू

सोलरच्या पॅनलबद्दल आपण बोललो, त्यानंतर बऱ्याच गटांनी जवळपास एकच प्रश्न विचारला. एक दुकानदार म्हणतो, तुम्हाला एक बॅटरी भरपूर झाली. दुसरा म्हणतो, चारच्या खाली हात घालू नका. दोघं तितक्याच खात्रीनं बोलतात, आणि कर्ज तर गटाच्या नावावर निघणार. मग खरं कोणाचं धरायचं?

आमचं उत्तर असं, की दुकानदारानं आकडा सांगण्याआधी तो आपल्या वहीत तयार असला पाहिजे. तो काढायला गुणाकार आणि भागाकार येणं पुरेसं आहे. गटाच्या व्याजाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे अजिबात जड नाही. आज आपण तो हिशेब एकदा पुरा करून बघू. वही-पेन घेऊन बसा.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. कोयनेच्या जलाशयाच्या पलीकडे, बामणोलीहून किंवा तापोळ्याहून लाँचनं जावं लागतं अशा वाड्या आणि धनगरवाडे डोंगराच्या कुशीत विखुरलेले आहेत. ज्या पाण्यावर १,९६० मेगावॅटचा वीजप्रकल्प उभा आहे, ते पाणी या बायांना दारातून दिसतं. ती वीज मात्र डोंगर पार करून पलीकडे जाते. कुठे तार पोचलेलीच नाही. कुठे पोचली आहे, पण पावसाळ्यात झाड आडवं झालं की दिवसच्या दिवस अंधार. अशा ठिकाणी सोलर हाच आधार, आणि नेमका तिथेच सूर्य जून ते सप्टेंबर दडी मारून बसतो. बॅटरीचा हिशेब शिकायला याहून अवघड जागा महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही. इथे जमला तर माणदेशात तो डोळे झाकून जमेल.

समजा एका अंगणाभोवती तीन घरं आहेत आणि गटाची शिलाईची एक खोली. मिळून एकच जोडणी घ्यायची आहे.

आधी मापाची भाषा. वस्तू किती जोरानं वीज खाते ते वॅट. ते आपल्याला बल्बच्या खोक्यावर छापलेलं दिसतं. ती वस्तू किती तास चालली, त्यानं वॅटला गुणलं की वॅट-तास. असे एक हजार वॅट-तास झाले की एक युनिट, वीजबिलावर असतं तेच. बॅटरीवर मात्र युनिट लिहिलेलं नसतं. तिथे असतं व्होल्ट आणि ॲम्पिअर-तास, ज्याला दुकानात ‘एएच’ म्हणतात. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की पुन्हा वॅट-तासच येतात. १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास, म्हणजे एक युनिट आणि वर ऐंशी टक्के. एवढी मोठी, दोघींना उचलायला लागणारी बॅटरी, आणि तिच्यात पुरती दोन युनिटंही मावत नाहीत! हे आधी मनात ठसवून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

आता यादी. इथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण खरी गडबड इथेच होते. जोडणी करणारा माणूस आला की ओट्यावर बसून घरातल्या पुरुषांना विचारतो, ‘किती लाइट, किती पंखे, टीव्ही आहे का?’ उत्तर मिळतं, तो कागदावर लिहितो आणि चहा पिऊन जातो. पहाटे साडेचारला चुलीजवळ लागणारा दिवा त्या कागदावर नसतो. गोठ्याकडे जायच्या वाटेवरचा नसतो. तान्ह्या बाळाला रात्री तीनदा उठून बघणाऱ्या सुनेचा तर नसतोच. बॅटरी लहान पडली की ती कधी संपते? संध्याकाळी नाही. संध्याकाळी ती भरलेली असते, तेव्हा टीव्हीही चालतो आणि गप्पाही रंगतात. संपते रात्रीच्या शेवटी. आणि रात्रीचा शेवट हीच तर आपली कामाला लागायची वेळ. म्हणून यादी करताना बाईनं तिथे बसलंच पाहिजे, आणि संध्याकाळपासून दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत एकेक तास आठवून लिहिलं पाहिजे.

आमच्या तीन घरांची यादी अशी झाली. घरटी एक आणि शिलाईच्या खोलीत एक, असे नऊ वॅटचे चार एलईडी दिवे. संध्याकाळी तीन तास आणि पहाटे दोन तास, म्हणजे रोज पाच तास. नऊ गुणिले चार गुणिले पाच, १८० वॅट-तास. गोठ्याच्या वाटेवर पाच वॅटचा दिवा रात्रभर, दहा तास, ५० वॅट-तास. तिन्ही घरांचे आणि शेजाऱ्यांचे मिळून दहा मोबाइल. एक मोबाइल पुरा भरायला साधारण २० वॅट-तास धरा, म्हणजे २०० झाले. बाळंतिणीच्या घरात एक पंखा, सहा तास. हा नव्या पद्धतीचा, ३० वॅटवर चालणारा, म्हणून १८० वॅट-तास. शिलाई मशीनची मोटर १०० वॅटची आहे, पण ती पायाखालचं पॅडल दाबलं तरच फिरते. दोन-तीन तास मशीनवर बसलं तरी मोटर फिरण्याचा वेळ जेमतेम तासभर भरतो. तिचे १०० लिहा. रेडिओ आणि छोटा स्पीकर मिळून १० वॅट, तीन तास, ३० वॅट-तास. (रेडिओ यादीत नसता तर आम्हीच रुसलो असतो.)

बेरीज आली ७४०.

पण बॅटरीतून एवढे काढून भागत नाही. बॅटरीतली वीज एका जातीची आणि घरातल्या वस्तूंना लागणारी दुसऱ्या जातीची. मधे इन्व्हर्टर ती बदलून देतो आणि त्याची दलाली घेतो. शंभर घातले तर पंच्याऐंशी बाहेर येतात, असं धरून चाला. ७४० भागिले ०.८५ केलं की साधारण ८७० वॅट-तास येतात. ही झाली एका दिवसाची खरी गरज, युनिटच्या भाषेत पाऊण ते एक युनिटच्या मधली.

पंखा जुन्या धर्तीचा ७५ वॅटचा असता तर? १८० च्या जागी ४५० वॅट-तास झाले असते. एका पंख्यामुळे रोजची गरज तिसऱ्या हिश्शानं वाढली असती आणि त्यासाठी पुढे आणखी शंभरएक एएचची बॅटरी लागली असती. नव्या पंख्याला हजार-दीड हजार जास्त मोजावे लागतात, पण बॅटरीपेक्षा ते केव्हाही स्वस्त पडतं. जोडणीचा विचार करताना पैसे आधी कमी खाणाऱ्या वस्तूंवर घाला, मग बॅटरीवर.

आता दुसरा प्रश्न. सूर्य दिसला नाही तर किती दिवस या साठ्यावर काढायचे? आम्ही दोन दिवस धरतो. ८७० दुणे १,७४०. तीन धरले तर चुकलं असं नाही, पण खर्च दीडपट होतो.

आणि तिसरा प्रश्न, जो दुकानात कुणी काढतच नाही. बॅटरीतली किती वीज वापरायची? शेती करणारी बाई कणगीतलं सगळं धान्य कधी खाऊन टाकत नाही. तळाशी बियाणं असतं, त्याला हात लावत नाही. शिशाच्या बॅटरीचं तसंच आहे. आपल्याकडे इन्व्हर्टरला जोडतात ती पाणी भरायची ट्यूब्युलर बॅटरी शिशाचीच. ती रोज तळापर्यंत रिकामी केली तर आतल्या पट्ट्या लवकर झिजतात. अर्धीच वापरली तर कितीतरी जास्त वर्षं टिकते. कंपनीच्या माहितीपत्रकात किती खोल वापरली तर किती वेळा भरता-उपसता येईल, याचा तक्ता दिलेला असतो. तो मागून घ्या, आणि मागताना लाजू नका. आम्ही अर्ध्याचा नियम पाळा असंच सांगू. म्हणजे १,७४० वापरायला हवेत, तर साठा ३,४८० वॅट-तासांचा हवा. त्याला १२ व्होल्टनं भागलं की २९० एएच.

बाजारात १५० एएचची बॅटरी मिळते. दोन घेतल्या की ३०० होतात. झाला आपला आकडा, दोन बॅटऱ्या.

म्हणजे ‘एक भरपूर झाली’ म्हणणारा खोटं बोलत होता का? तसंही नाही. एका बॅटरीत १,८०० वॅट-तास आहेत आणि रोजची गरज ८७०. एप्रिलमध्ये तो जोडून दाखवेल तेव्हा रात्र आरामात निघेल, सकाळी कडक ऊन पडेल, बॅटरी पुन्हा भरेल. सगळे खूश. गोष्ट बिघडते ती पहिल्या ढगाळ दिवसानंतर. दुसऱ्या रात्री ती तळाला जाते, आणि पावसाळ्यात अशा रात्री एकामागून एक येतात. उन्हाळ्यात दाखवलेल्या सोलरवर सही करू नका, असं आम्ही गमतीनं म्हणतो, पण त्यात तथ्य आहे.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, ‘मग चार घेतल्या तर चार महिन्यांचा पावसाळा निघेल ना?’ नाही निघणार. आजच्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

रांजण कितीही मोठा असला तरी त्यात पाणी झऱ्यातून येतं. झरा आटला तर मोठा रांजण चार दिवस जास्त चालेल इतकंच. आपला झरा म्हणजे पॅनल. त्याचा हिशेबही करू. पॅनलवर छापलेल्या वॅटपैकी सगळे हाती लागत नाहीत. धूळ, तार, तापलेलं पॅनल आणि बॅटरीत भरताना होणारी गळती मिळून शंभरातले सत्तर उरतात असं धरू. उन्हाळ्यात दिवसभराच्या उन्हाचा अर्क काढला तर भर दुपारच्या उन्हाचे साडेपाच तास भरतील. म्हणजे १०० वॅटचं पॅनल रोज ३८५ वॅट-तास देतं. कोयनेकाठच्या आषाढ-श्रावणात हिशेबाला अडीचच तास घ्या. मग तेच पॅनल देईल १७५. दाट धुक्याच्या दिवशी तेवढेही नाहीत.

दुकानदारानं २५० वॅटचं पॅनल सुचवलंय असं धरा. उन्हाळ्यात ते रोज साडेनऊशेच्या वर देतं, गरज ८७०, काही तक्रार नाही. आषाढात ते देतं साधारण ४४०. रोज ४३० ची तूट. आपल्या दोन बॅटऱ्यांमध्ये वापरता येण्याजोगे १,८०० आहेत, म्हणजे चार दिवसांत अर्ध्याची रेघ ओलांडली. चार बॅटऱ्या असत्या तर आठ दिवस. आणि पाऊस तर शंभर दिवसांचा! शिवाय पुढचं नुकसान वेगळंच. शिशाची बॅटरी आठवड्यांमागून आठवडे अर्धपोटी राहिली की तिच्या पट्ट्यांवर पांढरी खर धरते, आणि मग नवरात्रात लख्ख ऊन पडलं तरी ती पूर्वीसारखी भरत नाही. म्हणजे मोठी बॅटरी आणि लहान पॅनल ही जोडी लहान बॅटरीपेक्षाही महागात पडते.

यावर इलाज पॅनल वाढवण्याचा. ८७० भागिले १७५ केलं की पाचच्या आसपास येतं, म्हणून ५०० वॅटचं पॅनल. पावसात आपल्याकडे गारठा असतो, पंखा कोण लावतो, तेव्हा गरज ६६० पर्यंत उतरते आणि ४०० वॅटवरही भागतं. तरी आम्ही पाचशेच सांगू. दोन दिवस अंधारून आल्यावर तिसऱ्या दिवशी थोडं उघडलं तर त्या उघडिपीत रोजचं भागवून उपसलेली बॅटरी पुन्हा भरायला हवी. त्याला वरकड लागते. दोन दिवसांचा साठा आणि पावसाळ्याच्या मापाचं पॅनल, अशी जोडी जमवा. सलग आठवडाभर सूर्य दिसलाच नाही तर यादी आखडायची. मशीन बंद, स्पीकर बंद, मोबाइल एकाआड एक, पण पहाटेचे दिवे आणि गोठ्याचा दिवा चालू. कुठल्या क्रमानं काय बंद करायचं ते जोडणीच्या दिवशीच लिहून भिंतीला लावा. ऐन अंधारात ठरवायला गेलं की भांडणं होतात.

पिठाच्या चक्कीचं बऱ्याच गटांच्या मनात आहे, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द. एक अश्वशक्तीची चक्की तासभर चालली की साधारण ९०० वॅट-तास खाते. म्हणजे या तीन घरांची आख्ख्या दिवसाची वीज एका तासात दळून झाली. शिवाय सुरू होताना मोटर क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट जोर मागते, त्यासाठी इन्व्हर्टरही दांडगा लागतो. चक्कीसाठी बॅटरी वाढवू नका. उन्हावर थेट चालणारी मोटर घ्या आणि उन्हात दळा. पीठ साठवायला डबा पुरतो, वीज साठवायला हजारो रुपये लागतात. पाण्याच्या पंपाचंही तेच, दिवसा टाकी भरून ठेवा. शिलाई आणि मोबाइलसुद्धा दुपारी उरकले तर ती वीज पॅनलमधून परस्पर वापरली जाते, बॅटरीची झीज वाचते. फक्त हिशेबातून त्यांना वगळू नका, कारण ढगाळ दिवशी मोबाइल कुणाचा थांबत नाही.

टीव्हीचा विषय घरात निघेलच. बत्तीस इंची टीव्ही ५० वॅटचा, रोज चार तास, २०० वॅट-तास. आमचा विरोध नाही. पण तो यादीत लिहून, त्याच्या वाट्याची बॅटरी आणि पॅनल धरूनच जोडा. मागाहून गुपचूप जोडलेला टीव्ही पहाटेचा दिवा खातो.

खरेदीच्या वेळी काय बघायचं? बॅटरीवर ‘सी १०’ लिहिलंय की ‘सी २०’ ते बघा. सी १० म्हणजे तो आकडा दहा तासांत रिकामी करून मोजलाय, सी २० म्हणजे वीस तासांत, सावकाश. सावकाश उपसलं तर बॅटरी जास्त देते, त्यामुळे सी २० चे १५० हे सी १० च्या १५० पेक्षा कमी भरतात. सोलरच्या बॅटरीला सी १० चा आकडा मागा, म्हणजे दोन दुकानांतल्या भावांची तुलना खरी होईल.

दोन बॅटऱ्या जोडायच्या दोन रीती आहेत. शेजारी-शेजारी जोडल्या तर १२ व्होल्ट आणि ३०० एएच. एकापुढे एक जोडल्या तर २४ व्होल्ट आणि १५० एएच. गुणाकार दोन्हीकडे ३,६००, साठा तोच. २४ व्होल्टला तारेतून कमी प्रवाह जातो, तार कमी तापते, म्हणून इन्व्हर्टर तसा मिळत असेल तर आमची पसंती त्याला. दोन्ही बॅटऱ्या मात्र एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या आणि एकाच दिवशी घेतलेल्या हव्यात. ‘आत्ता एक घ्या, पुढच्या वर्षी एक जोडू’ हे ऐकायला गोड वाटतं, पण जुनी बॅटरी नवीला आपल्या वयाला ओढते. पॅनल मागाहून वाढवता येतं, चार्ज कंट्रोलर तेवढा मोठा असेल तर. म्हणून हात आखडता असेल तेव्हा बॅटरीचा आकडा पहिल्या दिवशीच नीट ठरवा.

लिथियम बॅटरीबद्दलही विचारणा आहे. तिच्यातली ऐंशी टक्के वीज निर्धास्त वापरता येते, म्हणून १,७४० साठी २,२०० च्या आसपासचा साठा पुरतो. पाणी घालावं लागत नाही, वजन कमी, आणि अर्धपोटी राहिल्यानं तिला खर धरत नाही. ढगाळ डोंगराला हा गुण फार मोलाचा आहे. उलट बाजू अशी, की सुरुवातीला पैसे जास्त लागतात आणि आत बिघाड झाला तर ती बंद पेटी असते, तालुक्याच्या गावातला नेहमीचा मिस्त्री हात लावत नाही. गटाकडे भांडवल असेल आणि विकणारा लेखी हमी देत असेल तर घ्या. नसेल तर दोन ट्यूब्युलर आणि अर्ध्याचा नियम, यातही काही कमीपणा नाही.

सरकारी योजनेतून सोलर मिळालेल्या घरांसाठीही हा हिशेब कामाचा आहे. २०१७ साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत तार न पोचणाऱ्या घरांना २०० ते ३०० वॅटचं पॅनल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि एक प्लग, शिवाय पाच वर्षांची देखभाल अशी तरतूद होती. तो संच तेवढ्याच वस्तूंच्या मापाचा आहे. त्यावर मिक्सर चालवला आणि बॅटरी बसली, तर दोष संचाचा म्हणता येत नाही.

आता पैशांकडे वळू. एक बॅटरी हिशेबापुरती पंधरा हजारांची धरू, दोन झाल्या तीस हजारांच्या. अर्ध्याचा नियम पाळून त्या पाच वर्षं टिकल्या तर महिन्याला पाचशे रुपये झाले. दहा जणींचा गट असेल तर प्रत्येकीचे पन्नास. हे पन्नास रुपये पहिल्या महिन्यापासून वेगळे काढा आणि ठरावात तसं लिहा, कारण बॅटरी ही संपणारी वस्तू आहे. रोज तळाला नेऊन दोन वर्षांत बसवली तर तोच आकडा प्रत्येकीला सव्वाशेवर जातो, आणि कर्जाचे हप्ते उरलेले असताना नवी बॅटरी घ्यायची वेळ येते. सोलर बसवलेल्या कितीतरी वाड्यांत पॅनल चकाकतंय आणि खाली बॅटरी मेलेली आहे, त्याची गोम इथेच असते.

अर्धी झाली हे कळणार कसं? इन्व्हर्टरच्या शिटीवर विसंबू नका. बहुतेक साधे इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या आसपास बंद पडतात, तोवर बॅटरी तळाला लागलेली असते. त्याऐवजी स्वस्तातला डिजिटल व्होल्टमीटर लावून घ्या आणि पहाटे उठल्यावर, काही चालू करण्याआधी आकडा वाचा. बारा व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीला साडेबारा किंवा त्याच्या वर म्हणजे भरलेली. १२.१ ते १२.२ म्हणजे अर्धी. त्याखाली दिसलं की त्या दिवशी यादी आखडायची. एकापुढे एक जोडून २४ व्होल्टची मांडणी असेल तर हेच आकडे दुप्पट करून वाचा. एका बाईकडे हे काम द्या, ती रोज कॅलेंडरवर आकडा लिहील. महिन्याभरात तुम्हाला तुमची बॅटरी दुकानदारापेक्षा जास्त कळेल.

बॅटरीची जागा चुलीच्या खोलीत नको. भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून खोलीला वर झरोका हवा आणि जवळ दिवा-काडी नको. फळीवर ठेवा, उन्हात ठेवू नका. पाणी डिस्टिल्डच घालायचं. विहिरीचं नाही आणि गाळलेलं पिण्याचंही नाही, त्यातले क्षार पट्ट्या खराब करतात.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला अंगणात फोडू देऊ नका. आतलं शिसं आणि ॲसिड मातीत उतरतं आणि खेळत्या पोरांच्या पोटात जातं. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. शिशाला भावही मिळतो. नवी घेताना दुकानात जुनी परत द्या आणि ती रक्कम बिलातून वळती करून घ्या. पावतीवर दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागा.